क्रूझच्या भाड्यावरची वाढीव रक्कम नेमकी कोणाच्या खिशात जाते?

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या सात रात्रींच्या सफरीचे भाडे एजंटने माणशी 799 डॉलर सांगितले, परंतु शेवटच्या पानावर तो आकडा 1,180 झाला. नाशिकहून येणाऱ्या आईवडिलांसह चौघांचे आरक्षण करताना ही फसवणूक समजावी काय? माझ्या मते ही फसवणूक नाही, मात्र मधल्या 381 डॉलरमध्ये अगदी वेगवेगळ्या स्वभावाच्या दोन रकमा आहेत आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय काहीच उलगडत नाही.

आपण पाठविलेल्या तपशिलात 251.50 डॉलर हे कर व बंदर शुल्क म्हणून दाखविले आहेत. अलास्का राज्य मोठ्या जहाजांवरील प्रत्येक प्रवाशामागे 34.50 डॉलर कर घेते, तिची राजधानी असलेल्या जुनो शहराची स्वतःची आकारणी वेगळी असते आणि इतर बंदरांचा खर्चही त्यातच येतो. या पैशाच्या विनियोगावरून न्यायालयीन वादही झाला आहे: जुनोने प्रवाशांकडून जमलेल्या पैशातून समुद्रकाठची पायवाट आणि व्हेलच्या पुतळ्याभोवतीचे उद्यान यांवर खर्च केला, म्हणून जहाज कंपन्यांच्या संघटनेने 2016 मध्ये शहरावर दावा लावला होता. (पुतळा मात्र देखणा आहे, पैसे आपलेच असल्याने पाहून यावा.) पूर्वी काही कंपन्या ‘बंदर शुल्क’ या नावाखाली स्वतःचेही खर्च घालीत असत, फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलने (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने) चौकशी केल्यावर 1997 मध्ये त्यांना तो प्रकार थांबवावा लागला. सफर रद्द केल्यास भाडे बुडाले तरी कराची रक्कम सहसा परत मिळते, हे लक्षात ठेवावे. आमच्या सफरीत वाऱ्यामुळे जहाज अलास्कातील केचिकन बंदराला लागलेच नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या खात्यावर 13 डॉलर निमूटपणे जमा झालेले दिसले. कोणी सांगितले नाही, पण जमा झाले.

उरलेले 129.50 डॉलर म्हणजे जहाजावरील कर्मचाऱ्यांची बक्षिसी (टिप), अर्थात दररोज माणशी 18.50 डॉलर, चौघांची मिळून ती 518 डॉलर होते. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर हा दर साधारण 16 ते 20 डॉलरच्या दरम्यान असतो, स्वीट (प्रशस्त, महागडी केबिन) घेतल्यास अधिक. हा कर नव्हे. बहुतेक कंपन्यांत जहाजावरील मदतकक्षावर जाऊन ही रक्कम कमी करून घेता येते, आणि तसे करणारे आपले लोक शेवटच्या संध्याकाळी रांगेत उभे असलेले मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही, कारण ही रक्कम केबिन झाडणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या माणसांच्या मिळकतीचा भाग आहे. सेवेत खरोखर खोट असेल तर त्याच दिवशी तक्रार करावी. आधीच भरून टाकणे सोयीचे, कारण मधल्या काळात दर वाढला तरी सहसा जुनाच लागू राहतो.

खरी सावधगिरी हवी ती पुढे, जहाजावर. पेये, स्पा आणि खास उपाहारगृहे यांच्या बिलात 18 ते 20 टक्के सेवा आकार आपोआप लागतो. माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच दुपारी एक बिअर मागविली. सहीसाठी आलेल्या पावतीवर 18 टक्के आधीच धरलेले होते आणि त्याखाली ‘अतिरिक्त बक्षीस’ अशी एक रिकामी ओळ होती. कोरी जागा भरायचीच असते या सरकारी नोकरीतल्या सवयीने त्यांनी तेथे 3 लिहिले. पेयांच्या पॅकेजवरही (रोजच्या ठरावीक दरात पेये देणाऱ्या योजनेवरही) हाच टक्का लागतो, म्हणून दिवसाचा दर पाहताना तो मिळवूनच पाहावा. आईवडील मद्य घेत नसतील तर पॅकेजचा विचार करू नये. पाणी, चहा आणि साधी कॉफी भाड्यातच असते. मात्र एकाच केबिनमधील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले की दुसऱ्यालाही घ्यावे लागते, असा अनेक कंपन्यांचा नियम आहे, तेव्हा केबिनची वाटणी करतानाच हे ठरवावे.

कोणत्याही बिलात न दिसणारा एक खर्च मात्र आपल्याकडून राहून गेलेला दिसतो. सिएटलहून निघणाऱ्या, कंपनी अमेरिकी असली तरी परदेशी नोंदणी असलेल्या जहाजाला अमेरिकी कायद्यामुळे मध्ये एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते, आणि ते बहुधा कॅनडातील व्हिक्टोरिया असते. भारतीय पारपत्रावरील आईवडिलांना त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागेल: माणशी 100 कॅनेडियन डॉलर आणि बोटांच्या ठशांचे 85. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हेही तपासावे, कारण जहाज परतते तेव्हा तो नवा प्रवेश ठरतो. कॅनडाच्या व्हिसाला वेळ लागतो, त्यामुळे अनामत परत मिळण्याची मुदत उलटण्यापूर्वीच अर्ज करावा.