पिच्चर, जेवण अन् रातची शेवटची गाडी

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं गाव जाम चौरस्त्यापासून आत नऊ किलोमीटर, तालुका समुद्रपूर. यंदा कापसाचे पैसे जरा बरे हाती आले, म्हणून माय-बाबाले नागपूरले नेऊन मॉलमधला पिच्चर दाखवाचा अन् मंग चांगल्या हाटेलात जेवाचं असं ठरवलं हाय. मायनं शेवटचा पिच्चर पाह्यला तो जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमधे, खाली बसून. बाबा ७६ वर्षांचे, माळकरी. माय ७० ची, गुडघ्यानं हैरान. बायकोले सावजी खाची हाय. पोरगा चार वर्षांचा. सहाचा शो पाहून, जेवून, रातच्यालाच वापस याचं हाय, सकाळी बैलायले चारापाणी कोण करन? खर्च कसा बसन, घरून डबा नेला त चालते का, अन् मॉलमधे आमच्यासारख्याले कोणी अडवत त नाही ना?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेते. अडवत कोणी नाही. धोतर-टोपी असो का नऊवारी, दारावरच्या सिक्युरिटीवाल्याला काही देणंघेणं नसतं. तो फक्त बॅग उघडून पाहतो, खिसे चाचपतो आणि माचिस, लायटर, तंबाखू, खर्रा काढून बाजूच्या डब्यात टाकतो. तो पुडा काही वापस मिळत नाही बरं, म्हणून ज्याला तलफ आहे त्यानं आधीच आटपून घ्यावं.

आता सहाचा शो. तो काढूनच टाका. हिशेब करा ना, सहा म्हटलं तरी आधी जाहिराती न् ट्रेलर, मग अडीच तासाचा पिच्चर, मधात इंटरव्हल, म्हणजे बाहेर निघता निघता नऊ वाजले. हाटेलात जागा भेटून जेवण पुढ्यात येईपर्यंत दहा. मेट्रो दहाच्या सुमारास बंद होते. मग गणेशपेठ स्टँडवर गाडीची वाट पाहत बसा, पोरगं खांद्यावर झोपलेलं, आईचे गुडघे ठणकून राहिले, आणि जामला उतरल्यावर पुढचे नऊ किलोमीटर अंधारात कोण नेणार? इतक्या हौसेनं न्यायचं आणि लोकांच्या लक्षात फक्त वापसीचे हाल राहायचे, असं काहून करता? दुपारचा शो घ्या, साडेबारा-एकच्या आसपासचा. चारपर्यंत बाहेर पडाल. मग फुटाळ्यावर जाऊन तलावाकाठी बसा नाहीतर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, बायकोला खरेदी करू द्या, आणि सात वाजता हाटेल उघडल्या उघडल्या पहिल्याच पंगतीला जेवा. सातला हाटेलं रिकामी असतात, वेटर पण निवांत असतो, म्हाताऱ्या माणसाला "अजून काय घेता" म्हणून दोनदा विचारतो. रात्री नवाच्या गर्दीत तोच वेटर बिल आणून आपटतो.

जायच्या खर्चाची चिंता करू नका, एसटीचं गणित तुमच्या बाजूचं आहे. बाबा ७५ च्या वर, म्हणजे २०२२ मधे सुरू झालेल्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांचा प्रवास फुकट. १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे आई आणि बायको दोघींचं मिळून एक तिकीट झालं. पाच वर्षांच्या आतलं पोरगं फुकट. पूर्ण तिकीट लागणार ते तुमचं एकट्याचं, पाच जण दोन तिकिटांत नागपूर पाहून येता! बाबांचं आधार कार्ड मात्र विसरू नका, कंडक्टर चेहरा पाहून वय मानत नाही. आणि ही सवलत एसटीची आहे, नागपुरातल्या सिटी बसवर तिचा काही उपयोग नाही.

येताना गाडी वर्धा रोडनंच येते, तर थेट गणेशपेठेपर्यंत गर्दीत बसून राहायची गरज नाही, छत्रपती चौकात उतरा, तिथून मेट्रोनं सीताबर्डी. स्टेशनवर लिफ्ट आहे, आईला जिना चढवू नका. याच रस्त्यावर सर्वात खाली आपला वर्धा रोड, मधात उड्डाणपूल आणि त्याच्याही डोक्यावरून मेट्रो असा डबलडेकर पूल आहे, ३ किलोमीटरहून लांब, त्याची गिनीज बुकात नोंद आहे. पोराला खिडकीजवळ बसवा. माझ्या मते अर्धा पिच्चर इथंच वसूल होते. वापसीला मात्र गणेशपेठ स्टँडवरूनच बसा, कारण रस्त्यात चढलं तर आईला उभं राहावं लागेल. चंद्रपूर, वणी, हिंगणघाट, या बाजूच्या गाड्या जामवरूनच जातात. पिच्चरच्या आधी चौकशी खिडकीवर जाऊन रात्रीच्या गाड्यांचे टाइम कागदावर लिहून घ्या, आणि जामहून गावापर्यंत गावातल्याच ऑटोवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, त्याचे पैसे ठरवून.

थिएटरचं. शुक्रवार ते रविवार तिकीट महाग असतं, मधल्या वारी जा. मोबाईलवर बुक केलं तर वरून कन्व्हिनियन्स फी लागते, मधल्या वारी दुपारच्या शोला जागा राहतातच, खिडकीवरच काढा. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. पोरगा चार वर्षांचा म्हणजे बहुतेक ठिकाणी त्याचं पूर्ण तिकीट मागतात. सीट मागच्या रांगेतली पण रस्त्याच्या कडेची घ्या, आईला अंधारात दहा लोकांच्या गुडघ्यांतून जावं लागू नये. सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकताना म्हातारं माणूस दचकतं, लुगड्याचा काठही अडकायची भीती, तेव्हा तिथंही लिफ्टच शोधा. आणि शाल न्या, बाप्पा! आत एसी असा मारतात की मे महिन्यात हुडहुडी भरते.

डबा चालत नाही. ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही हे थिएटर मालकानं ठरवावं. पण त्याच निकालात हेही आहे की पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट ठेवलं पाहिजे आणि लहान बाळाचं खाणं आईबापाला आणू दिलं पाहिजे. म्हणून पाण्याच्या बाटलीला पैसे घालू नका, "पिण्याचं पाणी कुठं आहे" म्हणून सरळ विचारा. पॉपकॉर्नचा मोठा डबा तिकिटाच्या भावात जातो, एक घेऊन पाच जणांत फिरवा नाहीतर आधी बाहेर भरपेट तर्री-पोहे खाऊन घ्या, मी तर पोहेच म्हणेन. पिच्चर निवडताना सर्टिफिकेट पाहा, पोरासोबत 'यू' सगळ्यात बरा. आता 'यूए'मधे ७, १३ आणि १६ वर्षं असे भाग केले आहेत, ते आईबापांच्या माहितीसाठी असतात. पण 'ए' असला तर १८ च्या आतल्याला सोडत नाहीत.

जेवणाचा पेच खरा. सावजी म्हणजे विणकर कोष्ट्यांच्या घरातलं जेवण, खडा मसाला भाजून वाटलेला, काळपट रस्सा, वर तेलाची तर्री, सोबत ज्वारीची भाकर. गोळीबार चौक, महाल, इतवारी या भागात पाट्याच पाट्या दिसतील. तिथं पाटोडी-रस्सा न् डाळकांदाही मिळतो, पण बाजूच्या टेबलावर खूर चोखून राहिले असताना तुमचे बाबा घास उचलतील का? नाही उचलणार, आणि बोलणारही नाहीत, नुसतं "भूक नाही" म्हणतील. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून शुद्ध शाकाहारी ठिकाणीच जेवा, बर्डी-धरमपेठेत भरपूर आहेत. निघायच्या आधी कॅलेंडरात एकादशी बघून घ्या, नाहीतर बाबा साबुदाणाच शोधत बसतील. सावजीचं वहिनींना वेगळं कबूल करा, पुढच्या खेपेला दोघंच जा, पोरगं आजीजवळ ठेवून. हे मी वहिनींच्या बाजूनं सांगून राहिली, विसरू नका.

प्रश्न : शहरातल्या एका हाटेलात आम्ही मैत्रिणी पिच्चर पाहून जेवायला गेलो, बिलात जीएसटीच्या वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला. नाही म्हटलं तर मॅनेजर म्हणे "मेन्यू कार्डवर लिहिलेलं आहे." द्यावाच लागतो का?
— एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. जुलै २०२२ मधेच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की हा पैसा बिलात आपोआप लावता येत नाही, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं ते कायम ठेवलं. कार्डवर लिहिलं म्हणून काही होत नाही. आवाज न चढवता "हा काढून दुसरं बिल द्या" म्हणा, नाही ऐकलं तर तिथंच बसून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, बहुतेक वेळा रिंग जाताच बिल बदलतं. ५ टक्के जीएसटी मात्र द्यावा लागतो, फक्त बिलावर त्यांचा जीएसटी नंबर छापलेला आहे ना ते पाहा. पोऱ्याला टीप द्यायची असेल तर हातात द्या, मॅनेजरच्या पेटीत नको.

प्रश्न : आम्ही चार दोस्त आर्वीकडून बाईकनं नागपूरले रातचा शो पाहाले जाऊ म्हणतो. समृद्धीनं लवकर पोहोचतो का?
— कॉलेजचा विद्यार्थी

उत्तर : समृद्धीवर बाईकला परवानगीच नाही, तीनचाकीलाही नाही. जुन्या रस्त्यानं या, आणि रातच्या शोला आलात तर रात्र नागपुरातच दोस्ताच्या रूमवर काढा. मध्यरात्री त्या रस्त्यावर रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर कुठून आडवं येईल सांगता येत नाही, आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते.