रॉटरडॅमला माल उतरल्यावर

चि. पुतण्यास,
अनेक आशीर्वाद.

लातूरची नोकरी सोडून तुळजापूरकडच्या बागांची द्राक्षं थेट युरोपात पाठवायची म्हणतोस. पाठव. पण पत्रात मण्याची साइज, गोडी, पेट्यांचा हिशोब पानभर लिहिलास आणि तिकडं नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात माल उतरवून घेणारा माणूस एका ओळीत उरकलास. ‘इम्पोर्टर मिळालाय’ म्हणे. कसला मिळालाय, ते आधी बघ.

आपल्याकडं व्यापारी बागेत येतो, दोन मणी तोंडात टाकतो, किलोचा भाव ठरतो आणि विषय संपतो. (पैसे बुडवून पळाला तर तो विषय वेगळा!) तिकडं पुष्कळ माल कमिशनवर जातो. म्हणजे विकला जाईपर्यंत माल तुझाच. विक्रीतून जहाजभाडं, ड्युटी, कोल्ड स्टोरेज, खराब मणी काढून पुन्हा पॅकिंग करायची मजुरी आणि त्याचं कमिशन वजा झालं की उरेल ते तुझं. नाही उरलं तर उलट बिल येतं.

मला आलंय. तेरा टनांचा कंटेनर होता. उतरून नऊ दिवस झाल्यावर चार फोटो आले: देठ तपकिरी, मणी गळालेले. ते फोटो माझ्याच पेट्यांचे होते की नाही, हेसुद्धा मला सांगता येईना. तापमानाचा रेकॉर्डर मी पेट्यांत ठेवलाच नव्हता, चार पैसे वाचवले होते. म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घे: किमान भाव, आगाऊ रक्कम आणि माल उतरल्यापासून किती तासांत तिऱ्हाईत सर्वेअरकडून तपासणी व्हायची. तिसरीला तो कुरकुर करेल. तीच सोडू नकोस.

खरं सांगायचं तर देठ तिकडं सुकत नाही, इथंच सुकतो. मार्चच्या उन्हात तोडलेला घड क्रेटमध्ये बांधावर तासभर पडला की देठातलं पाणी उडतं. त्या दिवशी काही दिसत नाही, महिन्याभरानं परदेशात दिसतं. सकाळी लवकर तोडणी, काही तासांत प्रीकूलिंग, म्हणजे घडातली उष्णता काढून तो गार करणं, मग प्रवासभर शून्य ते अर्धा अंश. आपल्या भागात नाशिकसारखी जागोजागी पॅकहाऊसं नाहीत, तेव्हा बाग निवडताना गोडीच्या आधी शीतगृहापर्यंतचा रस्ता मोज. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळं जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. पेटीतला सल्फरचा पॅड बुरशी अडवतो, सुकलेला देठ हिरवा करत नाही.

फवारलेल्या औषधांचा फळात उरणारा अंश, त्याचं २०१० साल तुझ्या वडिलांना विचार. क्लोरमेक्वाट क्लोराइड, आपण सीसीसी म्हणायचो ते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची फाजील वाढ रोखायला मारलेलं, फळ धरायच्या कितीतरी आधी. ते वेलीत राहिलं आणि फळात उतरलं. युरोपात मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि आपल्याकडं तोवर त्याची तपासणीच होत नव्हती. कंटेनर अडकले, कर्ज मात्र अडकलं नाही, वाढतच गेलं. आता अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर बागेची नोंद आणि प्रयोगशाळेचा अहवाल लागतोच. पण तिकडच्या काही सुपरमार्केटना सरकारी मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत अंश हवा असतो, शिवाय एकूण किती औषधं सापडलेली चालतील याचाही आकडा असतो. माल कोणत्या दुकानात जाणार हे इम्पोर्टरला गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या आधी विचार, म्हणजे फवारणीचं वेळापत्रक त्याप्रमाणं बसवता येईल.

भावाचं मी काही सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेचा हंगाम लांबला की आपला माल त्यांच्या मालावर जाऊन पडतो आणि भाव कोसळतो, एवढं धरून चाल.

रविवारी ये. कराराचा मसुदा आण, सगळी पानं आण. मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचायला माझा चष्मा पुरत नाही, तू मोठ्यानं वाच.

तुझा,
काका