गावाकडचे रान आणि अमेरिकेतील विद्यापीठाची फी

मस्कतमध्ये नोकरी करणाऱ्या, मूळच्या लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातील एका वडिलांनी पत्र लिहून विचारले आहे की, अकरावीतल्या मुलीला पदवीसाठी अमेरिकेतील नामांकित विद्यापीठात पाठवायचे असेल, तर गावाकडच्या रानाचे, म्हणजे शेतजमिनीचे, काय करावे. रान विकून टाका, भावाच्या नावे हक्कसोड करून द्या, किंवा फीसाठी मदत मागण्याच्या अर्जात त्याचा उल्लेखच करू नका, असे तीन सल्ले त्यांना मिळाले आहेत. माझ्या मते या तिन्हींपैकी एकही मानू नये.

फीचा आकडा पाहून छाती दडपते, हे मी समजू शकते. हार्वर्डचा २०२५-२६ चा शिकवणी, राहणे व जेवण धरून वर्षाचा खर्च ८६,९२६ डॉलर, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या आसपास आहे. परंतु ही छापील रक्कम प्रत्येक कुटुंबाला भरावी लागत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ व बोडन या संस्था परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवताना त्याच्या कुटुंबाची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर ऐपतीच्या पलीकडचा सगळा खर्च उचलतात. हार्वर्डच्या २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमानुसार वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल आणि मालमत्ता सर्वसाधारण असेल, तर कुटुंबाला काहीच भरावे लागत नाही, आणि दोन लाख डॉलरपर्यंत शिकवणी माफ असते. मालमत्तेच्या याच अटीमुळे रानाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडे, विशेषतः लातूर पॅटर्नच्या वातावरणात वाढलेल्या पालकांना, शिष्यवृत्ती म्हणजे गुणांचे बक्षीस वाटते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ज्यात मोडतात त्या आयव्ही लीगची आठही विद्यापीठे गुणांसाठी म्हणून पैसे देत नाहीत. मदत मिळते ती केवळ गरजेनुसार. त्यामुळे ९८ टक्के मिळवणाऱ्या मुलीच्या वडिलांनाही घराचा हिशेब पूर्ण मांडावाच लागतो.

स्टॅनफर्डसारख्या काही विद्यापीठांत मात्र परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच विचारात घेतली जाते. म्हणून मदतीच्या रकान्यात ‘नको’ लिहा, प्रवेश पदरात पाडून घ्या आणि पुढचे पुढे पाहू, असे सुचवणारे एजंट भेटतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने तसेच केले. मुलाला प्रवेश मिळाला, आणि नंतर मदत मागितल्यावर विद्यापीठाने कळवले की अर्जाच्या वेळी न मागितलेली मदत चारही वर्षे मागता येणार नाही. त्या मुलाला ती जागा सोडावी लागली. मदत लागणार असेल तर ती पहिल्याच दिवशी मागावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता रानाकडे वळू. अशी मदत देणारी बहुतेक विद्यापीठे कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेचा सीएसएस प्रोफाइल हा कुटुंबाच्या उत्पन्नाची व मालमत्तेची माहिती देणारा अर्ज भरून घेतात, आणि शेती असल्यास काही विद्यापीठे त्यासाठी वेगळे पुरवणी पत्रकही मागतात. पत्रासोबत आलेला सातबारा मी नीट वाचला. क्षेत्र तीन हेक्टर चाळीस आर आहे, भोगवटादार म्हणून दोन भाऊ आणि आई अशी तीन नावे सामाईक आहेत, आणि इतर हक्कांत सोसायटीचा बोजा आहे. याचा अर्थ असा की अर्जात संपूर्ण क्षेत्राची किंमत न लिहिता आपल्या हिश्श्याची लिहावी, आणि आपल्या वाट्याचे कर्ज त्यासमोर दाखवावे. रस्त्याकडेच्या प्लॉटचा ऐकीव भाव लावू नये आणि किंमत मुद्दाम पाडूही नये. त्या शिवारात अलीकडे नोंदलेल्या खरेदीखतांचा भाव धरावा. शेतीचे उत्पन्न भारतात आयकरमुक्त असले, तरी या अर्जात करमुक्त उत्पन्नही विचारले जाते. त्यासाठी भावाकडून आडतीवरच्या सोयाबीनच्या विक्रीच्या पट्ट्या, बियाणे-खतांची बिले आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मागवून घ्यावा, आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर करून ठेवावे. पावसाने दडी मारलेल्या वर्षी पट्टी किती कमी झाली, आईच्या औषधपाण्याला दरमहा किती पाठवता, हे विशेष परिस्थितीच्या रकान्यात चार सरळ वाक्यांत लिहावे. तिथला अधिकारी औसा ओळखत नाही. कागदावर असेल तेवढेच त्याला कळते. मस्कतच्या पगारावर आयकर नसल्याने विवरणपत्र नसते, तेव्हा कंपनीकडून पगाराचे पत्र घ्यावे, आणि कंपनी घरभाडे किंवा शाळेची फी देत असेल तर तेही त्यात यावे.

विकण्याची घाई का नको, तेही सांगते. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, पण विकत घेता येत नाही. म्हणजे आज विकलेले रान परदेशात असेपर्यंत परत घेता येणार नाही. शिवाय विक्रीचे पैसे खात्यात दिसले की तीही मालमत्ताच ठरते. हक्कसोड केली तर उद्या भावाभावांत वाद उद्भवू शकतो, आणि अर्जात खोटी माहिती दिल्याचे उघडकीस आल्यास मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. रान तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढू, असाही विचार पत्रात आहे. परंतु बँकांना कोर्टात न जाता तारण विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याची वसुली शेतजमिनीला लागू होत नसल्याने बँका या कर्जासाठी शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत. त्यांना बिनशेती प्लॉट किंवा घर लागते.

सरकारी शिष्यवृत्तीवर विसंबू नये. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण व पीएचडीसाठी आहे, आणि १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही पदवीनंतरच्याच शिक्षणासाठी आहे. मुलीचा जन्म अमेरिकेत झाला असून तिच्याकडे तिथला पासपोर्ट असेल, तर मात्र ती परदेशी विद्यार्थी ठरत नाही आणि तिला फाफ्सा हा सरकारी मदतीचा अर्जही करता येतो.

विद्यापीठांची यादी करताना वर सांगितलेल्या सातांपैकी तीन-चार नावे घ्यावीत आणि त्यासोबत भारतातला एक भक्कम पर्यायही ठेवावा, कारण या सातही ठिकाणी प्रवेश मिळणे फार अवघड आहे. नियमित फेरीचे अर्ज साधारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बंद होतात. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास आडतीवर जाते. तेव्हा यंदाची पट्टी जपून ठेवा, असे आपल्या भावाला आजच फोन करून सांगा.