दोनदा जेवावं की दर दोन तासांनी खावं? आणि रात्री सातनंतर जेवलं तर वजन वाढतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 38, वजन 82 किलो, शाकाहारी, मधुमेह नाही. ऑफिस दहा ते सात, घरी पोहोचेपर्यंत साडेआठ, ताट पुढ्यात येईपर्यंत नऊ. घरचे म्हणतात दोनदाच जेवा, मैत्रीण म्हणते दर दोन तासांनी थोडं थोडं खा, आणि सातनंतर खाल्लेलं सगळं अंगावर चढतं असंही तुम्ही ऐकलंय.

आधी थेट उत्तर देतो. किती वेळा खाल्लं यावर वजन उतरत नाही, दिवसभरात एकूण किती खाल्लं यावर उतरतं. तरी वेळांना महत्त्व आहे, कारण वेळा चुकल्या की भूक अनावर होते आणि ते 'एकूण' हातातून सुटतं. म्हणून तुमच्या दिवसात ते नेमकं कुठे सुटतंय, हे आधी पाहावं लागेल.

महाराष्ट्रात हा वाद घरोघरी पोहोचलेला आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलं की कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांनी घरचंच अन्न थोडं थोडं, दर दोन तासांनी खायला सांगितलं. दोन्ही पद्धतींनी बारीक झालेली माणसं आहेत, आणि दोघांच्याही वजन कमी होण्याचं कारण एकच आहे: त्यांचं एकूण खाणं कमी झालं.

सतत खाल्लं की चयापचय पेटलेला राहतो, हा समज चुकीचा आहे. अन्न पचवायला शरीर ऊर्जा खर्चतं हे खरं. मिश्र आहारात हा खर्च एकूण कॅलरींच्या साधारण दहा टक्के असतो, प्रथिनांसाठी 20 ते 30 टक्के. पण हिशेब एकूण खाण्यावर होतो. 1800 कॅलरी दोन ताटांत खाल्ल्या तर 90 अधिक 90, सहा वेळा खाल्ल्या तर 30 गुणिले सहा. बेरीज 180 च. उलट बाजूचा समजही तितकाच कच्चा आहे. एक जेवण चुकलं म्हणून शरीर 'उपासमारीत' जाऊन चरबी धरून बसत नाही. त्याला बरेच दिवस कमी खाणं लागतं, सोळा तासांत तसं घडत नाही.

2010 मध्ये कॅनडात झालेल्या एका छोट्या अभ्यासात आठ आठवडे एका गटाला तीन जेवणं दिली आणि दुसऱ्याला तीन जेवणं व मधली तीन खाणी. कॅलरींची कपात सारखी होती, वजनातली घटही सारखीच आली. प्रागमध्ये 2014 साली टाइप 2 मधुमेहाच्या 54 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मात्र दोन जेवणांच्या काळात जास्त वजन उतरलं, सरासरी 3.7 किलो; सहा वेळा खाण्याच्या काळात 2.3. हा अभ्यास दोनदा जेवणाऱ्यांना फार आवडतो, पण ती दोन जेवणं म्हणजे सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण होतं. आपल्याकडे 'दोन वेळा' म्हणजे दुपारी एक आणि रात्री साडेनऊ. या दोन गोष्टी एक नाहीत.

आता रात्रीच्या जेवणाबद्दल. सात वाजता शरीरात कुठलंही दार बंद होत नाही. पण तेच अन्न संध्याकाळी उशिरा खाल्लं तर रक्तातली साखर सकाळपेक्षा जास्त वर जाते, हे पक्कं आहे. 2022 मध्ये बोस्टनमध्ये 16 जणांना तेच जेवण चार तास उशिरा दिलं, तेव्हा त्यांची भूक वाढली आणि ऊर्जेचा खर्च किंचित घटला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनमध्ये कॅलरी तेवढ्याच ठेवून एकदा सकाळी आणि एकदा रात्री जास्त खायला दिलं. चार आठवड्यांनी वजनात फरक नव्हता, पण सकाळी पोटभर खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी लागली. माझ्या मते यातली भुकेची बाब सगळ्यात उपयोगी आहे. सकाळ-दुपार नीट जेवलेल्या माणसाला रात्री आवरतं घेणं सोपं जातं.

तुमच्या दिवसात घोळ होतोय तो दुपारच्या डब्यापासून रात्रीच्या ताटापर्यंतच्या आठ तासांत. जरा मोजून बघा. दुधा-साखरेचा दीडशे मिलीचा चहा साधारण 90 कॅलरी, दिवसातून तीन झाले की 270. सोबत चार ग्लुकोज बिस्किटं, 100. पाच वाजता कुणीतरी पाकीट फोडलं आणि मूठभर फरसाण घेतलं, 150. हे झाले 500 च्या वर, आणि याला कुणीच 'खाणं' म्हणत नाही. आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरायला रोज जेवढी कपात लागते, तेवढेच हे आकडे आहेत. त्यात घरी पोहोचताना पोटात कावळे ओरडत असतात, म्हणून पोळ्या होईपर्यंत ओट्याशी उभ्यानेच चिवडा खाल्ला जातो.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला: दोनही नको, सहाही नको, रात्रीच्या जेवणाचे दोन तुकडे करा. सकाळी साडेआठला पोटभर नाश्ता. नुसते पोहे नकोत, त्याच्यासोबत वाटीभर मोड आलेली मटकी किंवा दही. एकला डबा. साडेसहाला ऑफिसातच 40 ग्रॅम फुटाणे आणि ताक, किंवा एक फळ आणि वाटीभर दही. हे जास्तीचं खाणं समजू नका, रात्रीच्या ताटातला वाटा आधी खाताय. मग नऊला घट्ट वरण किंवा उसळ, भरपूर भाजी, एक भाकरी. भात घ्यायचा तर भाकरीऐवजी. जेवण आणि झोप यांत दोन-अडीच तास ठेवा, म्हणजे पित्ताचा त्रासही कमी होतो. चहा प्या, पण दोनच आणि बिनसाखरेचे.

दोनदाच जेवायची इच्छा असेल तर सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात बसतं का पाहा. दुपारी एक आणि रात्री साडेनऊ टाळा. खरी अडचण प्रथिनांची येते. तुमच्या वजनाला दिवसाला 80 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, म्हणजे प्रत्येक ताटात 40. शाकाहारी ताटात हे आपोआप होत नाही. ज्वारीच्या दोन भाकऱ्या (100 ग्रॅम पीठ) 10 ग्रॅम, 50 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ 11 ते 12, 60 ग्रॅम पनीर 11, दीडशे ग्रॅम दही 5. एवढं घेतल्यावर कुठे चाळिशीच्या जवळ पोहोचतो. हे नसेल तर काटा खाली येतो खरा, पण चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पद्धत सुटली की वजन भराभर परत येतं. दुसरी चूक त्या 55 मिनिटांची. ती वरची मर्यादा आहे, पण माणसं जेवण संपलं तरी उरलेल्या वेळात श्रीखंड, लाडू, पुन्हा भात असं भरत बसतात. मधल्या वेळेत 'फक्त चहा' म्हणून दुधा-साखरेचा चहा घेतला की पद्धतच मोडली.

दर दोन तासांनी खायचं असेल तर प्रत्येक खाणं 300 कॅलरींत थांबायला हवं. एक पोळी, थोडी भाजी, लहान वाटी दही, एवढंच. पाच डबे घरून भरून नेणाऱ्याला हे जमतं. ज्याला दोन तासांनी कँटीनकडे वळावं लागतं त्याला जमत नाही.

तुम्हाला मधुमेह नाही, पण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना असेल. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण गाळू नका. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी दोन वेळांच्या वाटेला जाऊच नये.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो कमी झाले तर हुरळू नका. यकृत आणि स्नायूंतली साठवलेली साखर कमी होते, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी लिहून ठेवा. एखाद्या दिवशी वाढलेल्या आकड्यावरून काही बदलू नका, सरासरी चार आठवडे हलली नाही तरच बदला.

आणि तेव्हाही वेळांशी खेळू नका, आधी तेलाचा डबा बघा. घरात चार माणसं आणि महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोजचं सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ 270 कॅलरी. फोडणी पळीने न घालता चमच्याने मोजून घाला. चार लिटरचे अडीच झाले तर तुमच्या वाट्याच्या रोजच्या 100 कॅलरी कमी होतील, जेवणाच्या वेळेला हातही न लावता.