माउंटन बाइकच्या ट्रेलवर ई-बाइकला परवानगी असावी का?

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियात नवीनच आलोय, ई-माउंटन बाइक घ्यायचा विचार आहे, पण ट्रेलवर तिला परवानगी असावी की नसावी यावरून इथले लोक एवढे हमरीतुमरीवर का येतात? माझं मत आधीच सांगते. क्लास 1 ला परवानगी असावी. क्लास 2 आणि 3 ला मातीच्या ट्रेलवर नसावी. आणि जिथे अरुंद वाटेवर दोन्ही बाजूंनी ये-जा चालते, तिथे क्लास 1 लाही सरसकट हो म्हणायला मी तयार नाही. आमच्या घरात दोन्ही पक्ष नांदतात: मी साधी सायकल चालवते, नवरा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ई-बाइकवर आला. त्यामुळे हा वाद मी रविवारचे पोहे खाता खाताही ऐकत असते.

आधी हे क्लासचं प्रकरण. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात क्लास 1 म्हणजे पेडल मारलं तरच मोटर मदत करते आणि ताशी 32 किमीला ती मदत थांबते. क्लास 2 ची मर्यादा तीच, पण थ्रॉटल असतो, म्हणजे पाय न हलवताही गाडी चालते. क्लास 3 पुन्हा पेडलवर, पण 45 किमीपर्यंत. तिन्हींना मोटर 750 वॉटपर्यंत. युरोपात याहून कडक आहे, 250 वॉट आणि 25 किमी. भारतातही नोंदणी-लायसन्सशिवायची ई-सायकल साधारण याच आकड्यांत बसते, म्हणून पुण्यात चालवलेल्या ई-सायकलवरून इथल्या गाडीचा अंदाज बांधू नका.

आता भांडणाकडे येते. विरोधकांचा सगळ्यात जुना मुद्दा म्हणजे ई-बाइकने ट्रेल उखडते. आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटनेने, म्हणजे इम्बाने, 2015 मध्ये ऑरेगनमधल्या ट्रेलवर साधी सायकल, क्लास 1 ई-बाइक आणि पेट्रोलची डर्ट बाइक फिरवून किती माती हलते ते मोजलं होतं. प्रयोग छोटासाच होता. सायकल आणि ई-बाइकमध्ये फारसा फरक दिसला नाही, डर्ट बाइकने मात्र कितीतरी जास्त माती उडवली. ई-बाइकवाले हा निकाल खिशात घेऊनच फिरतात. पण तो हिशेब फेरीमागचा आहे. माझी एका चढात दमछाक होते आणि मी एक उतार मारून घरी येते. नवरा तेवढ्याच वेळात तीनदा वर जाऊन तीनदा उतरतो. माती फेऱ्या मोजते. हे काही बंदी घालण्याचं कारण नव्हे, पण डागडुजीला जास्त माणसं आणि जास्त पैसा लागणार हे धरूनच परवानगी द्यायला हवी.

दुसरा मुद्दा वेगाचा, आणि इथे बहुतेक लोक चुकीच्या दिशेला बघतात. उतारावर ई-बाइक काही वेगळी नसते. तिथे वेग ठरवतो उतार, ब्रेक आणि तुमची छाती. 32 च्या वर मोटर तशीही गप्प असते. खरा फरक चढावर पडतो. अवघड चढावर माझ्यासारखी बाई दोनशे वॉटच्या आसपास जोर लावून ताशी सहा-सात किमीने वर सरकते. त्यात मोटरचे तीन-साडेतीनशे वॉट मिळवा, गाडीचं जास्तीचं आठ-दहा किलो वजन धरूनही वेग चौदा-पंधरावर जातो. आता ट्रेलवरचे शिष्टाचार आठवा: उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. हा नियम चढणारा हळू असतो या गृहीतावर उभा आहे. आंधळ्या वळणावर खालून कोणी आलंच तर ते धापा टाकत येणार, दिसेल, ऐकू येईल, थांबायला वेळ मिळेल. समोरून दुप्पट वेगाने कोणी वर येऊ लागलं की दोघांमधलं अंतर तुमच्या सवयीपेक्षा फार लवकर संपतं. घोडेस्वारांना याचीच जास्त भीती वाटते, कारण घोडा बिचकला तर पडणार त्याच्यावरचा माणूस.

म्हणूनच मला वाटतं की परवानगी गाडीला देण्याआधी ट्रेलकडे बघावं. रुंद फायर रोड (वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेला मातीचा रस्ता) असेल तर प्रश्नच नाही. फक्त उतरण्यासाठी बांधलेली एकेरी ट्रेल असेल तरी प्रश्न नाही. समोरासमोर गाठ पडणारा अरुंद सिंगलट्रॅक (एका वेळी एकच सायकल जाईल एवढी वाट) असेल, तर आधी तो एकेरी करा, किंवा दिवस वाटून द्या, मग ई-बाइक सोडा. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिनमधल्या फायर रोडवर सायकलला ताशी 15 मैल आणि आंधळ्या वळणावर किंवा कोणाला ओलांडताना 5 मैलांची मर्यादा आहे. अशी मर्यादा सगळ्यांनाच लागू असावी, मोटर असो वा नसो, असं मला वाटतं.

मरिनचं नाव आलंच आहे तर थोडं विषयांतर. ज्याला आपण माउंटन बाइकिंग म्हणतो त्याचा मोठा भाग याच डोंगरांत जन्मला. 1976 मध्ये फेअरफॅक्सजवळ रिपॅकची शर्यत सुरू झाली. तीन किमीच्या जेमतेम वर आणि खाली साधारण चारशे मीटर. जुन्या सायकलींच्या मागच्या हबमधलं (चाकाच्या मध्यातलं, ब्रेकही तिथेच असायचा) ग्रीस ब्रेकच्या उष्णतेने जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवं भरावं लागायचं, म्हणून नाव रिपॅक. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही सुरुवातीच्या माउंटन बाइक बनवणारी मंडळी तिथली. मग सायकली वाढल्या, पायी फिरणारे आणि घोडेस्वार संतापले, आणि ऐंशीच्या दशकात सायकलवाल्यांना सिंगलट्रॅकवरून हाकलणं सुरू झालं. रेंजर रडार गन घेऊन उभे राहायला लागले. इम्बा 1988 मध्ये उभी राहिली ती याच झटापटीतून.

हे सांगितलं की ई-बाइकवाले लगेच म्हणतात, बघा, काल तुम्हाला हाकललं, आज तुम्ही आम्हाला हाकलताय. ऐकायला छान वाटतं. पण जुन्या माउंटन बाइकवाल्यांची भीती दांभिक नाही. इथे जमिनीची विभागणीच मोटर आणि बिनमोटर अशी आहे. सरकारी ट्रेल निधीतसुद्धा किमान 30 टक्के मोटरवाल्यांना आणि 30 टक्के बिनमोटरवाल्यांना राखीव असतात, उरलेले दोघांसाठी मिळून. बिनमोटर या रकान्यात जागा मिळवायला त्यांनी कितीतरी वर्षं नगरपरिषदेच्या बैठकांना हजेरी लावली, कुदळ-फावडी घेऊन वाटा खोदल्या. उद्या कोणी म्हणालं की सायकलला मोटर असते, तर त्या रकान्यातून सगळ्यांनाच बाहेर काढणं सोपं होतं.

झालंही काहीसं तसंच. 29 ऑगस्ट 2019 ला अमेरिकेच्या इंटीरियर खात्याचे (सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं वगैरे सांभाळणारं) तेव्हाचे सचिव डेव्हिड बर्नहार्ट यांनी एका आदेशाने ई-बाइकला सायकलच्या रांगेत बसवायला सांगितलं. जनसुनावणी नाही, पर्यावरणाचा अभ्यास नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ताहो राष्ट्रीय वनात बिनमोटर ट्रेलवर ई-बाइक सोडल्या म्हणून घोडेस्वारांच्या आणि निसर्गरक्षकांच्या संघटना कोर्टात गेल्या. राष्ट्रीय उद्यानांच्या नियमावरही खटला झाला आणि 2022 मध्ये न्यायाधीशांनी पर्यावरणाचा आढावा नीट घेतला नाही असा ठपका ठेवला, नियम मात्र रद्द केला नाही. राष्ट्रीय वनं सांभाळणारी वनसेवा हे वेगळं खातं, ते अजूनही ई-बाइकला मोटर वाहनच मानतं आणि कुठली ट्रेल उघडायची ते अभ्यास करून ठरवतं. मला हाच रस्ता पटतो. वेळ लागतो, पण एकदा ठरलं की कोर्टात टिकतं.

आता जो मुद्दा कोणी उघड बोलत नाही तो. चढ हा आतापर्यंत चाळणी होता. जो स्वतःच्या पायांनी वर पोहोचायचा, त्याला वाटेत गियर, तोल, ब्रेक थोडेफार कळलेले असायचे. आता भाड्याने ई-बाइक घेतलेला माणूस पहिल्याच दिवशी अशा टोकाला पोहोचतो जिथून खाली उतरण्याची तयारी व्हायला त्याला दोन वर्षं लागायला हवी होती. आणि बॅटरी संपली तर तेवीस-पंचवीस किलोचं धूड चढावर ढकलत आणायचं. या चाळणीबद्दल हळहळणाऱ्या काहींचा सूर मात्र "आम्ही घाम गाळला, तुम्ही का नाही" असा असतो. तो निव्वळ अहंकार आहे. माझ्या नवऱ्याला गुडघ्यामुळे डोंगर बंद व्हायला आला होता. त्याला घाम अजूनही येतो, फक्त श्वास पुरतो.

क्लास 2 ला माझा विरोध का, तर थ्रॉटल आला की पेडल शोभेचं होतं, आणि खालून वर येणाऱ्याचा वेग आणखी वाढतो. क्लास 3 तर डांबरी रस्त्यावर ऑफिसला जाणाऱ्यांसाठीच आहे. पेडल नसलेल्या, दुप्पट-तिप्पट वेगाच्या इलेक्ट्रिक मोटरसायकली पोरं ट्रेलवर आणतात, त्या कायद्याने ई-बाइकच नव्हेत. तरी बदनामी ई-बाइकची होते. अडचण अशी की रेंजरला लांबून क्लास कळत नाही. कॅलिफोर्नियात 2017 पासून गाडीवर क्लास, कमाल वेग आणि वॉट लिहिलेलं लेबल सक्तीचं आहे, पण सॉफ्टवेअरने मर्यादा उठवली तर लेबल तेच राहतं. त्यामुळे मला वाटतं पकडायचं तर वेगाला आणि वागण्याला पकडा, मोटरला नाही.

तुम्हाला गाडी घ्यायचीच असेल तर क्लास 1 घ्या, आणि घेण्याआधी घराजवळच्या ज्या तीन-चार ट्रेलवर जाणार आहात त्या कोणाच्या मालकीच्या आहेत ते बघा. राज्याच्या कायद्याने काउंटी, पाणीपुरवठा खातं, पार्क जिल्हा (उद्यानं सांभाळणारी स्थानिक संस्था) अशा प्रत्येकाला आपापल्या ट्रेलवर बंदी घालायची मुभा आहे. एकाच डोंगरावर खालचा भाग एकाचा आणि वरचा दुसऱ्याचा असू शकतो. दुकानदार "सगळीकडे चालते" म्हणेल. पाटी काय म्हणते ते ट्रेलच्या तोंडाशी थांबून वाचा, दंड दुकानदार भरत नाही.