चंद्र थोडा काळा पडू द्या

तुमचे प्रश्न दोन आहेत. कोजागरीला गच्चीवरून नव्या फोनने काढलेला चंद्र ट्यूबलाइटसारखा पांढराफटक का आला? आणि घरात ५५ इंची टीव्ही आल्यावर थेटरात पैसे कशाला घालायचे? मला विचाराल तर दोन्हीकडे दुखणं एकच आहे. यंत्र आपल्याला न विचारता मदत करतं.

आधी चंद्र, कारण त्याच्यापायी माझ्या जास्त रात्री गेल्यात.

चंद्राची जमीन मुळात काळपट आहे. तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम १२ टक्के ती परत फेकते, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्याइतकाच. पण हा रस्ता भर उन्हात आहे. फोनला मात्र चौकटभर काळं आकाश दिसतं आणि तो समजतो की अंधार आहे. मग तो उजेड वाढवत नेतो आणि चंद्राचा बत्तासा होतो. म्हणून नाइट मोड बंद करा, चंद्रावर बोट दाबून धरा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढत राहा. आकाश पार काळंकुट्ट झालं, चंद्रही जरा काळा पडला आणि त्यावरचे डाग दिसू लागले की थांबा. प्रो मोड (सगळं हाताने ठरवायची सोय) असेल तर झूमच्या लेन्सवर आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ५० आणि शटर १/५०० ते १/८०० सेकंद इथून सुरुवात करा. हातात धरून काढू नका. मी कठड्यावर वीट ठेवतो, तिला फोन टेकवतो आणि दोन सेकंदांचा टायमर लावतो. चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो, तेव्हा चौकट पुन्हा पुन्हा जुळवावी लागते.

आता आकार. चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश जागा व्यापतो. उगवताना तो परातीएवढा वाटतो ती डोळ्यांची फसगत आहे, कॅमेरा त्याला भुलत नाही. नेहमीच्या लेन्सने काढलेल्या ४००० पिक्सेल रुंद फोटोत चंद्राच्या वाट्याला जेमतेम पंचवीसेक पिक्सेल येतात. पाचपट झूमची खरी लेन्स असेल तर १२० च्या आसपास. त्यापुढचं ‘३० एक्स’, ‘१०० एक्स’ ही बहुतेक ताणलेली कणीक.

आणि इथेच मदतनीस शिरतो. चंद्राची कायम एकच बाजू आपल्याकडे असते, त्यामुळे फोनला तो ओळखायला सोपा. मार्च २०२३ मध्ये एका हौशी माणसाने मुद्दाम धूसर केलेला चंद्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला, खोलीतले दिवे घालवले आणि लांबून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत मूळ चित्रात नसलेले बारकावे उमटले! चंद्र ओळखून तपशील वाढवणारी सोय आपल्या कॅमेऱ्यात आहे, हे नंतर कंपनीनेच समजावून सांगितलं. माझा हिशेब साधा आहे. टॉलेमियस नावाचं विवर दीडशे किलोमीटर रुंद आहे, पण १२० पिक्सेलांच्या चंद्रात ते पाच पिक्सेलांत मावतं. त्याच्या आतले बारीक खड्डे फोटोत दिसले, तर ती फोनची मेहेरबानी समजा. ‘सीन ऑप्टिमायझर’ किंवा तशा नावाचं जे काही असेल ते बंद करा. फोटो मऊ येईल, पण तुमचा येईल.

आणखी एक, बडोदेकरांसाठी खास. कोजागरीचा चंद्र फोटोला वाईटच. सूर्याचा उजेड आपल्या पाठीमागून थेट चंद्राच्या तोंडावर पडतो, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. त्याच्या आठवडाभर आधी, नवरात्रातल्या अष्टमीला, गरब्याला निघण्यापूर्वी गच्चीवर जा. अर्धा चंद्र दक्षिणेला बऱ्यापैकी वर असतो आणि उजेड-अंधाराच्या रेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. कुणाकडे दुर्बीण असेल तर फोन तिच्या डोळ्याकडच्या भिंगाला चिकटवून पाहा. कुठल्याही महागड्या झूमपेक्षा ते भारी पडतं. कोजागरीला दुधाचा फोटो काढावा, मसाला दूध असो की शेजारच्या गुजराती घरातले दूध-पौंआ (दूध-पोहे).

आता सिनेमा. (दादासाहेब फाळके १८९० मध्ये आपल्याच कलाभवनात शिकत होते, तेव्हा बडोद्यात बसून या विषयावर मत द्यायचा आपला हक्कच आहे.)

थेटर आणि घर यांत मोठा फरक अंशांचाच, म्हणजे पडदा नजरेतली किती जागा व्यापतो त्याचा. ५५ इंची टीव्हीची रुंदी १२२ सेंटीमीटर. दहा फुटांवरच्या सोफ्यावरून तो २३ अंशांत मावतो. थेटरात मधल्या रांगेत पडदा सहज ४० अंश भरतो. सोफा सात फुटांवर ओढला की घरीही ३२ मिळतात. मी ओढला. दिवाणखान्याच्या मधोमध सोफा आला म्हणून आईने आठवडाभर बोल लावले.

उजेडाचं मात्र उलटं आहे. थेटरातला पांढरा रंग ४८ निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) ठरलेला, साधा टीव्हीसुद्धा त्याच्या कितीतरी पट उजळ असतो. तरी थेटर झगमगीत वाटतं, कारण आजूबाजूला अंधार असतो. तेव्हा घरी आधी दिवे घालवा.

मग सेटिंग. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः रचून घालतो आणि चित्रपटाचा लाखो रुपयांचा सेट टीव्ही मालिकेतल्यासारखा दिसायला लागतो. फोन चंद्रावर खड्डे काढतो, तसलाच हा प्रकार. हे मोशन स्मूदिंग एलजीमध्ये ट्रूमोशन, सोनीमध्ये मोशनफ्लो अशा नावांनी लपलेलं असतं. ते बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर एकाच बटणात काम होतं. भडक रंगांच्या ‘व्हिव्हिड’ मोडच्या वाटेला जाऊ नका.

एवढं केल्यावर मी स्वतः थेटरात कधी जातो? मोठा आवाज, मोठं आकाश असलेल्या चित्रपटाला, आणि मराठी चित्रपट लागला की पहिल्याच आठवड्यात, कारण इथे त्याला शो मोजके आणि तेही अडनिड्या वेळी मिळतात. शंभर माणसं एकदम हसतात ते घरी होत नाही. पण थेटर म्हणजे चांगलं दिसणारच, असंही नाही. इथल्याच एका मल्टिप्लेक्समध्ये मी रात्रीचे प्रसंग असलेला अख्खा चित्रपट नुसता ऐकून आलो, इतकं चित्र मंद होतं. मध्यंतरात तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘साहेब, पिक्चरच डार्क आहे.’ पुढे तोच घरी पाहिला, तेव्हा त्यातली माणसं पहिल्यांदा दिसली.

टीव्हीचं सेटिंग बदलल्यावर घरचे कुरकुर करतील, याची तयारी ठेवा. ‘चित्र पिवळं पडलंय, मेकॅनिकला बोलव,’ असं आई तीन दिवस म्हणत होती. मी काही हात लावला नाही. चौथ्या दिवशी मामाकडे गेलो होतो. तिथे दोन मिनिटं टीव्ही पाहून तिने माझ्या कानात विचारलं, ‘यांच्याकडे सगळे असे निळे का दिसतात रे?’