एकट्या माणसाने ऑफिसचा मायएसक्यूएल डेटाबेस सुरक्षितही ठेवायचा आणि कामही भराभर उरकायचं, तर कोणतं टूल वापरावं?

टूल कुठलंही घ्या. वर्कबेंच, डीबीव्हर, हायडीएसक्यूएल, काही बिघडत नाही. जुन्या मशीनवर हायडी हलकं चालतं, एवढंच. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ऑफिसात सगळे एकाच लॉगिनने काम करतात, "पण माणसं विश्वासाची आहेत". ते वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असले प्रश्न मी सोडून देतो.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर मी मच्छीमार सहकारी संस्थेचं संगणकाचं काम बघायचो. संस्था नौकांना डिझेल देते, डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा शासनाकडून येतो, तो ज्याच्या त्याच्या नावावर लावायचा. टेबलं मोजकीच, पण एकेका ओळीत कुणाचे तरी पैसे. आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य युजरचा, पासवर्ड काय, तर संस्थेचं नाव आणि पुढे १२३. कारकुनाला माहीत, सचिवांना माहीत, चेअरमनच्या पुतण्याला माहीत. शहरातून रिमोटने येणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला तर माहीत होताच, त्यानेच ठेवलेला. प्रत्येकाला वेगळा युजर करू या, असं मी मीटिंगमध्ये मांडलं होतं. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "सपोर्टला त्रास होतो." चेअरमन म्हणाले, "घरच्या माणसांत कुलपं कशाला?" विषय संपला, चहा आला.

मग एका दुपारी कुणीतरी परताव्याच्या टेबलावर अपडेट (डेटा बदलायची कमांड) चालवलं आणि व्हेअर, म्हणजे कोणती ओळ बदलायची ती अट, लिहायचं राहिलं. एका नौकेची रक्कम दुरुस्त करायची होती, तीच रक्कम सगळ्या नौकांना लागली. संध्याकाळी बोटी लागल्या तोवर यादी छापून बोर्डावर गेली होती. लहान इंजिनाचे दोन सिलेंडरवाले गप्प, मोठ्या इंजिनाचे सहा सिलेंडरवाले पेटलेले. एका मालकाने चारचौघांत विचारलं, "आमचा परतावा खाल्लास काय रे?" चेअरमन शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. मालकाच्या बोलण्यापेक्षा ते न बोलणं मला जास्त लागलं.

मायएसक्यूएलचं व्हर्जन आठ होतं, त्यामुळे बिनलॉग, म्हणजे सर्व्हर प्रत्येक बदल टिपून ठेवतो तो लॉग, आपोआप चालू होता (पाचवर असता तर मुद्दाम चालू करावा लागला असता, आणि तो कुणी केला असता?). ओळीवार लॉग असला की तो वाचायचं मायएसक्यूएलबिनलॉग हे टूल व्हर्बोज (सविस्तर) करून चालवायचं. प्रत्येक बदललेल्या ओळीची जुनी किंमत त्यात 'व्हेअर'खाली दिसते, नवी 'सेट'खाली. म्हणजे जे व्हेअर त्या पठ्ठ्याने खाल्लं, ते सर्व्हरने ओळीओळीला लिहून ठेवलं होतं. जुने आकडे एका वेगळ्या टेबलात काढले, मधल्या खऱ्या नोंदींना हात न लावता तेवढा कॉलम परत भरला. रात्री जेवायला घरी होतो. रात्रीचा बॅकअप चढवला असता, तर दिवसभराचं डिझेलवाटप पुसलं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी लॉगचा कागद चेअरमनपुढे ठेवला. वेळ दुपारी पावणेदोनची, तेव्हा मी जेटीवर पंपाचं रीडिंग घेत होतो. ते म्हणाले, "वेळ आहे, नाव कुठाय?" नाव नव्हतंच. बिनलॉग बदल कुणी केला ते सांगत नाही. आणि सांगितलं असतं तरी काय सांगितलं असतं, रूट! सगळेच रूट. ज्याने केलं तो मोकळा, आणि ज्याने काही केलं नाही त्याला मी नव्हतो म्हणून सांगत फिरायला लागलं. विश्वासाची माणसं आहेत म्हणून एकच पासवर्ड ठेवता, पण त्याचा मार विश्वासाच्या माणसालाच बसतो, हे माझं म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे.

त्यानंतर ते झालं एकदाचं. कारकुनाला सिलेक्ट (बघणं) आणि इन्सर्ट (नवी नोंद घालणं), डिलीट कुणालाच नाही. कीर्दीत खाडाखोड करत नाहीत, उलट नोंद घालतात, तसंच इथे. रूट फक्त लोकलहोस्टवरून, म्हणजे सर्व्हरच्याच मशीनवरून, त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात तिजोरीत. मायएसक्यूएल ज्यावरून जोडतात तो ३३०६ पोर्ट बाहेरून बंद. परताव्याच्या टेबलावर ट्रिगर, म्हणजे बदल झाला की आपोआप नोंद करणारा कोड, बसवला: जुनी किंमत, नवी किंमत, वेळ, युजर. ट्रिगरमध्ये करंट_युजर() लिहू नका, तो ट्रिगर बनवणाऱ्याचं नाव देतो. युजर() लिहा. आणि क्लायंटला, म्हणजे ज्यातून कमांड देता त्या टूलला, सेफ-अपडेट्स लावून द्या, व्हेअर नसलेलं अपडेट तो घेतच नाही. या ऑप्शनचं दुसरं अधिकृत नाव 'आय-ॲम-अ-डमी' आहे. ते मीटिंगमध्ये सॉफ्टवेअरवाल्याकडे बघून वाचायची फार इच्छा होती. वाचलं नाही.

बॅकअपबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. ३१ जानेवारी २०१७ ला लोकांचे सॉफ्टवेअर कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडाली, तेव्हा कळलं की त्यांचा बॅकअप काढणारा पीजीडंप ९.२ चा आणि डेटाबेस ९.६ चा असल्याने बॅकअप निघतच नव्हते. निघत नाहीत हे कळवणारे ईमेलही अडकत होते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. आपण कोण? आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सर्व्हरला काम नसतं. त्याच काळात दुसऱ्या मशीनवर अख्खा बॅकअप चढवून बेरजा जुळवायच्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती, म्हणून एक प्रत एन्क्रिप्ट करून किनाऱ्यापासून लांब ठेवा.

भराभर कामाचं म्हणाल तर हळू चालणाऱ्या रिपोर्टवर आधी एक्स्प्लेन लावा, डेटाबेस डेटा कसा शोधतोय ते ही कमांड दाखवते. आमचा महिन्याचा रिपोर्ट रखडायचा, नवा सर्व्हर घ्या असं कोटेशन आलं होतं. नौका आणि तारीख यांवर मिळून एक इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखा) टाकला, कोटेशन फाईलला लागलं. यावर आणखी बरंच आहे, पण ते वेगळं विचारा.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. तुमचं ॲप्लिकेशन स्वतःच एका युजरने डेटाबेसला जोडत असेल, तर युजर() त्याचंच नाव देईल. मग लॉगिन केलेल्या माणसाचं नाव ॲपनेच नोंदीत पाठवलं पाहिजे. आणि व्हर्जन आठमध्ये बिनलॉग मुळात ३० दिवसांनी पुसले जातात, चूक त्याहून उशिरा सापडली तर वरचा उपाय विसरा.

"सपोर्टला त्रास होतो" असं तुमचाही सॉफ्टवेअरवाला म्हणाला, तर त्याला म्हणावं, तेवढं लेटरहेडवर लिहून सही करून द्या. आमच्याने अजून दिलेलं नाही.